पाहुणे आवाज

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये कुणी झोपत नाही, हे आपल्या मॅगझिनच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मार्च २०२६ चा पहिला आठवडा होता. शेजारच्या रूममधून ‘फक्त संदर्भासाठी’ आणलेलं जर्नल समोर उघडं, रात्रीचा दीड वाजलेला, आणि झोप येऊ नये म्हणून माझ्या कानात इयरफोन. गोरिलाझ या ब्रिटिश बँडचा ‘द माउंटन’ हा अल्बम २७ फेब्रुवारीला आला होता. तो लावायचा म्हणून मोबाईलवर कव्हर उघडलं आणि हातातलं पेन तसंच राहिलं. कव्हरवर चक्क देवनागरीत लिहिलं होतं, ‘पर्वत’!

मी साताऱ्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले. देवनागरी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि निबंधाच्या वहीत बाईंच्या लाल पेनाच्या रेघा. इंग्लिश गाणी हा माझा प्रांत, मराठी हा घरातल्यांचा, अशी आपली मी वाटणी करून टाकली होती. आता माझ्या प्रांतात हे ‘पर्वत’ कुठून आलं? गाण्यांची यादी खाली सरकवत गेले. ‘द शॅडोई लाइट’ नावाच्या गाण्यापुढे पाहुण्या कलाकारांत एक नाव होतं... आशा भोसले.

मी शेजारच्या कॉटवर झोपलेल्या ‘जत’ला गदागदा हलवलं. (आमच्या विंगमध्ये नावापेक्षा गाव चालतं. ती जत, कोपऱ्यातली चंदगड, समोरची उदगीर आणि मी सातारा.) ती अर्धवट डोळे उघडून म्हणाली, “आशाताई? त्यात काय एवढं, त्या इथल्याच की. सांगलीत जन्मल्या.” आणि कूस बदलून झोपलीसुद्धा!

खरंच होतं. ८ सप्टेंबर १९३३, सांगली. मी तीन वर्षं सांगलीत राहतेय, विश्रामबागेत रोज भेळ खातेय, आणि मला हे माहीत नव्हतं. गोरिलाझच्या चारही कार्टून मेंबरांची नावं मात्र तोंडपाठ होती.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्लर या बँडचा गायक डेमन अल्बर्न आणि चित्रकार जेमी ह्यूलेट या दोघांनी १९९८ मध्ये हा बँड काढला. यातले मेंबर म्हणजे चार कार्टून : टू-डी, नूडल, मर्डॉक आणि रसेल. पहिला अल्बम २००१ साली आला. कॉम्प्युटरवरचा ठेका, रॉकची गिटार, मध्येच रॅप, असा सगळा मसाला असतो. आणि यांची खासियत म्हणजे पाहुणे. प्रत्येक अल्बममध्ये कुणी ना कुणी येऊन गाऊन जातो. ‘द माउंटन’मध्ये तर पाहुण्यांची पंगतच बसलीय. अर्जेंटिनाचा ट्रुएनो आहे, सीरियाचा ओमर सुलेमान आहे, अमेरिकेचा ब्लॅक थॉट आहे, जॉनी मारची गिटार आहे. शिवाय अनुष्का शंकरची सतार, अमान आणि अयान अली बंगश यांचे सरोद, अजय प्रसन्ना यांची बासरी. इंग्लिश, हिंदी, अरबी, स्पॅनिश आणि योरुबा अशा पाच भाषा.

आणि काही पाहुणे असे, की जे आता या जगात नाहीत. बॉबी वोमॅक २०१४ मध्ये गेला, ड्रमर टोनी अ‍ॅलन २०२० मध्ये. रॅपर प्रूफ तर २००६ मध्येच, म्हणजे मी जन्मले त्या वर्षी. जुन्या रेकॉर्डिंगमधले त्यांचे आवाज या अल्बममध्ये घेतले आहेत. अल्बर्न आणि ह्यूलेट, दोघांचेही वडील थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले, आणि अल्बर्नने वडिलांच्या अस्थी वाराणसीला नेऊन गंगेत सोडल्या. त्या सगळ्यातून हा अल्बम उभा राहिला. म्हणून त्यात भारत आहे आणि म्हणूनच गेलेली माणसंही आहेत.

दुसऱ्या दिवशी जर्नल सही होऊन आल्यावर यावर आमच्या रूममध्ये जोरदार वाद झाला. चंदगडचं म्हणणं, “गोऱ्यांना बनारस दिसलं की सतार वाजवून घ्यायची हौस येते. पन्नास-साठ वर्षं हेच चाललंय.” उदगीरला वेगळाच प्रश्न पडला होता. मेलेल्या माणसाचा आवाज त्याला न विचारता गाण्यात घालणं बरोबर आहे का? जत म्हणाली, “घरी आपण गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतो, तेव्हा कुठं विचारतो?” मी या वादात कुणाच्याच बाजूने ठाम बोलू शकले नाही. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. आवाज वापरायचा की नाही हा प्रश्न पडायलासुद्धा आधी तो कुणीतरी टिपून ठेवलेला असावा लागतो.

ही चर्चा मी आमच्या लॅबमधल्या सरांना सांगितली. सर पक्के सांगलीचे. ते हसून म्हणाले, “तुमच्या त्या गेस्टच्या कल्पनेचं आम्हाला कौतुक सांगू नका! संयुक्त मानापमान ऐकलंय का?” मी अर्थातच ऐकलं नव्हतं. ‘मानापमान’ हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं संगीत नाटक १९११ मधलं, आणि खाडिलकरही जन्माने सांगलीचेच. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत याचा एक प्रयोग झाला. त्यात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले.

“मग सर, ते कुठे ऐकायला मिळेल?” मी विचारलं.

“कुठे मिळणार? तेव्हा चालू नाटकाचा आवाज मुद्रित करायची सोयच नव्हती. लोक भोंग्यापुढे उभं राहून तबकडीसाठी तीन मिनिटं गायचे, तेवढंच. ती रात्र ज्यांनी ऐकली त्यांनी ऐकली.”

त्या संध्याकाळी मला आजी आठवली.

माझी आजी साताऱ्यात आमच्याबरोबर राहते. ती लहान असताना कोरेगाव तालुक्यात, तिच्या माहेरी, पहाटे जात्यावर बसून आईबरोबर दळायची. त्या सगळ्या ओव्या तिला पाठ. स्वयंपाक करताना आकाशवाणी लावायची. आशाताईंचं गाणं लागलं की त्यांच्याबरोबर गायची आणि रेडिओ बंद झाला की तिच्या ओव्या सुरू. मी आठवीत असताना शाळेतल्या तीन मैत्रिणी प्रोजेक्टसाठी घरी येणार होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, “आजी, त्या येतील तेव्हा रेडिओ बंद ठेव ना. आणि तू पण गाऊ नकोस प्लीज, त्या हसतील.” आजी “बरं” म्हणाली. रागावली नाही, काही नाही. मैत्रिणी आल्या, तिने त्यांना पोहे दिले, कंदी पेढे दिले. पण त्या दिवसानंतर मी घरात असताना आजी गाताना मला आठवत नाही. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. सात वर्षांनी, एका ब्रिटिश बँडमुळे आलं!

योगायोगाने त्याच आठवड्यात होस्टेल डेची मीटिंग होती. दरवर्षी तोच डान्स आणि तीच स्किट. मी सुचवलं, आपणही एक ट्रॅक करू या. ठेका लॅपटॉपवर, आणि आवाज होस्टेलमधल्या सगळ्यांचे. फक्त गाणाऱ्या मुलींचे नाही, तर मेसच्या मावशींचा, वॉचमन काकांचा, ज्यांना ज्यांना यायचं असेल त्या सगळ्यांचा. रेक्टर मॅडम म्हणाल्या, “करा, पण दहानंतर आवाज नको.” म्हणजे परवानगी मिळाली असं आम्ही धरलं.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ म्हणजे आमची रूम. होस्टेलची रूम ही रेकॉर्डिंगसाठी जगातली सर्वात वाईट जागा. उघड्या भिंती, फरशी, सगळीकडून आवाज आपटून परत येतो. मग दोऱ्या बांधून चार गोधड्या टांगल्या, कपाटांची दारं उघडी ठेवली, पंखा बंद केला आणि मार्चच्या उकाड्यात घामाघूम होत कामाला लागलो. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. सेकंदाला ४४,१०० नमुने. सिग्नलच्या पेपरात ज्या सँपलिंग थिअरमवर मला सातपैकी दोन मार्क पडले होते, ते इथे आपोआप समजलं.

मेसच्या मावशींना विचारलं तर त्या लाजून लाल. “मी काय गाणार बाई? मला येत न्हाई काही. भाकरी थापते त्याचा आवाज घ्या पाहिजे तर.” आम्ही खरंच परातीजवळ मोबाईल धरला. काय सांगू तुम्हाला! आम्ही दोन रात्री लॅपटॉपवर शोधत होतो तो ठेका मावशींच्या हातात होता. थाप, थाप, मध्येच फिरवणं, परत थाप. वॉचमन काकांनी एकतारीवर भजन म्हटलं. जतने तिच्या आजीकडून शिकलेलं कानडी अंगाईगीत गायलं. तिचं घर सीमेजवळ, घरात दोन्ही भाषा. चंदगडने तिकडच्या बोलीत दोन मिनिटं नुसत्या शिव्या दिल्या, त्या रेक्टर मॅडमच्या सूचनेवरून काढून टाकाव्या लागल्या.

मागे सतत वाजणारा सूर हवा होता. मोबाईलमध्ये तंबोऱ्याची अ‍ॅप असतात, पण सर म्हणाले, “मिरज बसने अर्ध्या तासावर असताना अ‍ॅप कसलं वापरता?” मग रविवारी मिरजेला गेलो. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे बनतात. मूळची ही शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी. पुढे वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला लागली. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. एका दुकानातल्या चाचांनी आम्हाला जवारी लावून दाखवली. घोडीवर तारेखाली एक साधा सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की मेलेला आवाज एकदम भरून येतो. लॅपटॉपवर स्पेक्ट्रम लावून पाहिलं तर दोऱ्याआधी चार-पाच ठळक शिखरं होती आणि दोऱ्यानंतर वरच्या पट्टीत शिखरांची रांगच लागली. आम्ही “वा!” म्हणालो. चाचांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना ते कानाने आधीच कळलं होतं.

आता राहिली होती आजी. ट्रॅकमध्ये ओवी हवी असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण का हवी ते सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सांगली स्टँडवरून एसटी पकडली. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड... उसाचे ट्रॅक्टर ओलांडत साताऱ्याला पोचेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी आजी मेथी निवडत बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसले आणि जुळवलेलं सगळं विसरून एकदम म्हणाले, “आजी, ओवी म्हण ना, मला रेकॉर्ड करायचीय.”

“आता कसला आवाज न् कसलं काय. दम लागतो गं मला. आणि ती कवळी! घातली तर अक्षर धड येत नाही, काढली तर सगळी हवाच जाते.”

“चालेल.”

“त्या फोनात मी नाही म्हणायची.”

मी थोडा वेळ मेथी निवडली. मग म्हटलं, “आजी, आठवीत असताना मी तुला गाऊ नको म्हणाले होते. माझ्या मैत्रिणी येणार होत्या तेव्हा. आठवतं?”

“मला कुठलं आठवतंय एवढं जुनं,” ती म्हणाली. पण तिने तेव्हा हातातली जुडी उगाचच परत निवडायला घेतली, निवडून झालेली. मला कळलं.

मग तीच म्हणाली, “तू म्हण. मी सांगते तसं म्हण. चुकलीस तर दुरुस्त करते.”

झालं! मी गायचं म्हणजे संकटच. पण आता माघार कशी घेणार? तिने ओळ सांगायची, मी म्हणायची. पहिल्याच ओळीत तिने थांबवलं. “ळ म्हण, ल नको. जीभ वर वळव की जरा. काय शिकवलं गं तुम्हाला त्या शाळेत?” दुसऱ्या ओळीला, “घाई कशाला करतेस? जातं काय पळून चाललंय?” मी मोबाईलवर ठेका लावून तिला ऐकवला, म्हटलं याच्यावर बसवायचंय. तिने ऐकलं आणि मान हलवली. “ह्याच्यावर नाही बसायची ओवी. ह्यात टाळी आहे. जात्याला टाळी नसते, फेरा असतो. दाणे जास्त पडले की जड जातं, कमी पडले की हलकं. तसं गाणं चालतं.” आणि ते मला समजावं म्हणून तिने जमिनीवर हात गोल फिरवायला सुरुवात केली, आणि फिरवता फिरवता स्वतःच म्हणायला लागली. कवळी काढून!

रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. त्यात आजीची ओवी जेमतेम चाळीस सेकंद. बाकी सगळं माझं बेसूर म्हणणं, तिचं दुरुस्त करणं, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि मम्मीचं “जेवायला या आता.”

रूमवर परत आल्यावर आम्ही ती चाळीस सेकंदं ठेक्यावर बसवायचा प्रयत्न केला. तुकडे पाडले, ओढले, दाबले. सॉफ्टवेअरमध्ये सगळं करता येतं. पण प्रत्येक वेळी ती ओवी रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखी ऐकू यायची. रात्री दोन वाजता जत वैतागून म्हणाली, “अगं, पाहुणा आपल्या घरी आला तर उठून जागा आपण द्यायची का त्याचे पाय कापून त्याला खुर्चीत बसवायचं?” मग आम्ही त्या जागी ठेकाच काढून टाकला. मावशींची भाकरी थांबली, गिटार थांबली. फक्त मिरजेचा तंबोरा आणि आजी.

हे केल्यावर मी ‘द शॅडोई लाइट’ परत ऐकलं. या वेळी वेगळ्या कानांनी. आशाताईंनी १९४३ मध्ये ‘माझा बाळ’ या मराठी चित्रपटात पहिलं गाणं म्हटलं. तिथपासून या अल्बमपर्यंत ऐंशीच्या वर वर्षं होतात. बाहेरच्या लोकांबरोबर गाणंही त्यांना नवं नव्हतं. २००२ च्या ‘वन जायंट लीप’ या अशाच पाहुण्यांच्या अल्बममध्ये त्यांचा आवाज आरईएमच्या मायकेल स्टाइपबरोबर आहे, आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर पूर्ण अल्बम. नव्वदी ओलांडल्यावर त्या गोरिलाझसाठी गायल्या. तो आवाज तरुणपणचा नाही, त्यात वय ऐकू येतं, आणि ते लपवलेलं नाही. चंदगडच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे थोडंफार मिळालं. पाहुण्याला नुसतं शोभेला बसवलंय की त्याच्यासाठी जागा केलीय, हे ऐकताना समजतं. निदान त्या गाण्यात तरी मला जागा केलेली वाटली.

होस्टेल डेला ट्रॅक वाजला. भाकरीच्या ठेक्यावर सगळ्या मुली नाचल्या, मावशींनी पदर तोंडाला लावला. आजीची ओवी सुरू झाल्यावर मात्र गोंधळ झाला. ठेका अचानक थांबल्यामुळे साउंडवाल्याला वाटलं काहीतरी बिघडलं. तो धावत आला आणि वायर हलवायला लागला! मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. ओवीची पहिली ओळ त्यातच गेली. दुसरी ओळ ऐकू आली. मला तेवढं पुरलं.

वाचकहो, मी काही फार मोठं सांगायला हे लिहिलेलं नाही. आपल्या सगळ्यांच्या खिशात आज जो मोबाईल आहे, तो १९२१ साली त्या नाटकाच्या प्रेक्षकांपैकी एकाकडे जरी असता, तर आज काय ऐकायला मिळालं असतं! आणि आपण त्याच्यावर लेक्चरमधल्या डुलक्यांचे व्हिडिओ काढतो. आता पीएल संपली, परीक्षा झाल्या की सगळे घरी जाल. तिथे ज्या कुणाचा आवाज गृहीत धरलाय तो एकदा टिपून ठेवा. विचारून घ्या, आणि नाही म्हणाले तर जवळ बसा. आणखी एक, कुणाला गाताना गप्प केलं असेल तर तेही सांगून टाका. समोरचा “आठवत नाही” म्हणेल. म्हणू दे.

मी पूर्ण ट्रॅक मम्मीच्या फोनवर पाठवला. रात्री आजीचा फोन आला. मी विचारलं, “कसं वाटलं?”

“बाकीच्या पोरी बऱ्या गातात,” आजी म्हणाली, “तुझा ळ अजून कच्चाच आहे.” मग थोडं थांबून, “आणि हे बघ, येशील तेव्हा रेडिओला दोन सेल घेऊन ये. इथे कुणाला सांगितलं तर आणत नाहीत.”